आईवडिलांशी मरणाबद्दल, लिव्हिंग विलबद्दल बोलायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६चे, ठणठणीत, लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे शुद्ध गेली तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाबद्दल, त्यांची स्वतःची बोलायला काहीच हरकत नाही, पण आई "तिन्हीसांजेला अभद्र बोलू नकोस" म्हणून उठून जाते, बहीण बंगळुरूला असते, तर सध्या वडिलांशी एकट्यानेच बोलून ठेवू का. नका. बाकी काय वाट्टेल ते करा, पण एकट्याने बोलू नका. वडील तयार आहेत म्हणजे अर्धं काम झालं असं तुम्हाला वाटतंय, मलाही वाटायचं.

माझे सासरे, नाना, एसटीत होते, जन्मभर ड्युट्या लावल्या त्यामुळे सगळं आधी ठरवून ठेवायची सवय. त्यांच्या थोरल्या भावाचं आजारपण जवळून बघून आले आणि तेव्हापासून मी भाजी निवडायला बसले की येऊन बसायचे. माझ्याचकडे का, तर विषय निघाला की नवरा गाडीची किल्ली घेऊन बाहेर, सासूबाई देवघरात, नणंद अमेरिकेत. उरलं कोण, सून. गवारीच्या शिरा काढता काढता सांगायचे, मला नळ्या लावू नका, घशाला भोक पाडू नका, शुद्ध येणार नसेल तर घरी आणा आणि खिडकीजवळची कॉट द्या. एलआयसीच्या जुन्या डायरीत लिहूनही ठेवलेलं, अगदी रजेच्या अर्जासारखं, खाली तारीख आणि "आपला विश्वासू" करून सही!

२०१९ला ब्रेन हॅमरेज झालं. रात्रीची वेळ, धावाधाव, हॉस्पिटलवाल्यांनी आल्या आल्या व्हेंटिलेटर लावला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या क्षणी कोणीही लावेल. पुढे काही दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं, म्हणाले शुद्धीवर यायची आशा जवळपास नाही, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे घशाला भोक पाडून नळी, करायची का ते घरात ठरवा. मी डायरी काढली. नणंद आदल्या रात्रीच आलेली, तिने ती वाचली, वाचली म्हणजे अक्षर नानांचंच आहे का ते बघितलं, आणि आयसीयूच्या बाहेर सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाली, "हे फक्त तुलाच कसं माहीत? वहिनी, तुला एवढी घाई का झालीये?" नवरा गप्प. सासूबाई रडायला लागल्या. झालं, संपला विषय, सही केली, भोक पाडलं.

उजवी बाजू गेलेली, पण डावा हात सारखा नळीकडे जायचा म्हणून तो गेजच्या पट्टीने रेलिंगला बांधलेला असायचा. पट्टी सोडून खालच्या सोलवटलेल्या कातडीला क्रीम लावायचं आणि परत बांधायचं, हे काम माझं. म्हणजे नको म्हणणाऱ्या माणसाचा हात रोज मीच बांधत होते. नणंदेची रजा संपली, ती गेली. नाना तसेच दोनेक महिने होते, घरी काही आले नाहीत.

नणंदेने तेव्हा मला ऐकवलेलं की केईएमच्या नर्सेसनी अरुणा शानबागला एवढी वर्षं सांभाळलं आणि तुम्हाला चार दिवस जड झाले. आता ते उदाहरण काढलंच आहे तर नीट काढू. अरुणा केईएममधलीच नर्स, तिच्यावर हल्ला १९७३चा, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली, ती गेली २०१५ला. तिला भरवणं थांबवून जाऊ द्या अशी पत्रकार पिंकी विराणींची याचिका सुप्रीम कोर्टाने २०११ला फेटाळली, कारण कोर्टाचं म्हणणं असं की तिची जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ, रोजची सेवा ते करतात, त्यामुळे तिच्या वतीने बोलायचा हक्क त्यांचा, आणि ते नको म्हणतायत. म्हणजे कोर्टाने विचारलं कोणाला? जी रोज तिची कूस बदलून देतात त्यांना, विमानाने येणाऱ्यांना नाही. आणि अरुणाला आधी काही सांगून ठेवायची संधीच मिळाली नव्हती, नानांनी सहीनिशी सांगितलेलं. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता रोज सुचतं.

असो. तुमचं बघू. लिव्हिंग विल सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालाने कायदेशीर झालं, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जातंय. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. एक कॉपी फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका-नगरपालिकेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे हे कागद सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आपल्याकडे हे कस्टोडियन कागदावरच होते, मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले तेव्हा हललं. आईला वाटत असेल की असलं काही घाबरट लोक करतात, तर सांगा की गोव्यात २०२४ला हायकोर्टाच्या जजनी स्वतःचं करून घेतलंय.

विषय कधी काढायचा, तर कोणाच्या तरी तेराव्याहून परत येताना गाडीत. तेव्हा सगळे तेच बोलत असतात, कोणी अभद्र म्हणत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या कागदात एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावं घालता येतात, त्यात बहिणीचं घालाच. जो हो म्हणणारे त्याला सांगून काही उपयोग नसतो, जो ऐन वेळी भांडणारे त्याच्यासमोर वडिलांना बोलायला लावा, त्यांच्या तोंडून, व्हिडिओ कॉल नको, प्रत्यक्ष. शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. तुमचं लग्न झालेलं असेल तर बायकोला मात्र यात एकटीला पुढे करू नका, साक्षीदार म्हणूनही नको. तिने कितीही केलं तरी ऐन वेळी ती बाहेरचीच ठरते.

हां, एक राहिलं, हा कागद असला म्हणून कोणी लगेच मशीन बंद करत नाही. आजार बरा न होणारा हवा, माणूस स्वतः सांगण्याच्या स्थितीत नको, आणि डॉक्टरांची दोन बोर्डं बसतात, त्यांनी शक्यतो ४८ तासांत सांगायचं असतं. इंजेक्शन देऊन मारणं वगैरे काही नाही यात, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. वडिलांचं मन बदललं तर लेखी देऊन रद्दही करता येतं. कागद नसेल तरी घरच्यांच्या संमतीने त्याच बोर्डांकडून निर्णय होऊ शकतो, पण "घरच्यांच्या" म्हणजे कोणाच्या, यावर वर लिहिलंच आहे. हॉस्पिटलं अजून बिचकतात, त्यामुळे वडिलांना जिथे नेणार तिथे आधीच विचारून ठेवा. मृत्युपत्र वेगळं, ते साध्या कागदावर दोन साक्षीदारांनी होतं, दोन्हींची खिचडी करू नका.

बहिणीला आज फोन करा, तिकीट काढायला सांगा. कारण विचारलं तर वडिलांना फोन द्या.