'ऊझ': गाळ आणि पाझर, दोन वेगळे शब्द

समुद्रतळावरच्या गाळाला इंग्रजीत 'ऊझ' म्हणतात, आणि 'ऊझ' म्हणजे पाझरणे. मग गाळ पाण्यातून पाझरत खाली बसतो म्हणून हे नाव पडलं का, असं तुम्ही भाषांतराच्या निमित्ताने विचारलंय. तर्क पटण्यासारखा आहे, पण व्युत्पत्ती तशी नाही. हे मुळात दोन स्वतंत्र शब्द आहेत.

चिखलाचा 'ऊझ' जुन्या इंग्रजीतल्या 'वासे' या नामापासून आला. त्याचा अर्थच मऊ चिखल, दलदल. पाझरण्याचा 'ऊझ' आला 'वोस'पासून, म्हणजे रस, झाडाचा चीक. पुढे 'वासे'मधला 'आ' 'ओ'कडे सरकला, दोन्हींचे उच्चार जवळ आले आणि मग सुरुवातीचा 'व'ही गळाला. (तलवारीच्या 'सोर्ड'मधला डब्ल्यू आजही लिहितात, पण उच्चारत नाहीत, तिथेही हेच घडलंय.) सोळाव्या शतकात स्पेलिंगही एक झालं. दोन्ही अर्थ ओलसर, त्यामुळे लोकांना शब्द एकच वाटू लागला. फ्रेंचमध्ये मात्र तो 'व' टिकून आहे: गाळाला तिथे 'वाझ' म्हणतात, आणि तो याच कुळातल्या डच शब्दावरून घेतलेला आहे. मला हा पुरावा फार आवडतो.

आता चिखलासाठीच्या जवळच्या इंग्रजी शब्दांतला फरक. 'मड' म्हणजे कुठलाही चिखल. 'ऊझ' म्हणजे नदीच्या किंवा खाडीच्या तळाशी साचलेला, बारीक कणांचा, पाय घातला की आत ओढणारा. आपला 'रेंदा' त्याच्या बराच जवळ जातो. 'स्लश' हा अर्धवट वितळलेला बर्फ, तो यात धरू नका.

समुद्रशास्त्रात मात्र व्याख्या काटेकोर आहे. गाळात किमान ३० टक्के भाग सूक्ष्मजीवांच्या कवचांचा असेल तरच तो 'ऊझ'. १८७२ ते १८७६ या काळातल्या 'चॅलेंजर' जहाजाच्या मोहिमेने जगभरच्या समुद्रतळाचे नमुने आणले आणि या गाळांचं वर्गीकरण त्यातून उभं राहिलं. चुन्याच्या कवचांचा गाळ साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली टिकत नाही, कवचं विरघळून जातात. अंटार्क्टिकाभोवतीच्या पट्ट्यात डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांचा गाळ सापडतो. साचण्याचा वेग हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर.

तेव्हा तुमच्या भाषांतरात 'ग्लोबिजेरिना ऊझ' (ग्लोबिजेरिना हा चुन्याचं कवच असलेला एकपेशीय समुद्री जीव) आलं तर 'ग्लोबिजेरिनाचा गाळ' असं सरळ लिहा. 'पाझर' तिथे आणू नका.