दया म्हणजे नुसते सोडून देणे का?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघात मी शिकवते. दयेचा विषय निघाला की मुले विचारतात, ‘त्रास देणाऱ्याला मुकाट्याने सोडून द्यायचे का?’ त्यांना काय सांगावे?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, तो दडपू नका. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) उघडून मुलांना आधी हिशेब करायला लावा. देनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तलांत म्हणजे सुमारे ६,००० देनार. ज्याला राजाने १०,००० तलांतांचे, म्हणजे जवळजवळ सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे कर्ज सोडले, तोच चाकर बाहेर पडताच १०० देनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. (हे आकडे फळ्यावर लिहावेत, तोंडी सांगून त्यांचे वजन कळत नाही.)

मात्र कर्ज होते हे राजाने नाकारलेले नाही, आधी त्याचा हिशेब मांडला आहे, हे आवर्जून दाखवा. त्याच अध्यायात अपराध करणाऱ्या भावाला एकांतात त्याची चूक दाखवण्याची, न ऐकल्यास साक्षीदार नेण्याची आज्ञा आहे. म्हणून शाळेत छळ होत असेल तर मुलाने तो मोठ्यांना सांगितलाच पाहिजे. सूड न घेणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.