विचारा तर खरं : फी कंपनीची, पदवी मुलीची

प्रश्न : मुलगी ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, शेवटच्या वर्षात आहे. सायकॉलॉजी, आर्ट आणि कॉम्प्युटर सायन्स हे विषय. दोन विद्यापीठांच्या ऑफर आल्यात, पण तिने यूएक्स डिझाइनची (अ‍ॅप, वेबसाइट लोकांना सहज वापरता याव्यात यासाठीच्या डिझाइनची) डिग्री अप्रेंटिसशिपच, म्हणजे नोकरी करता करता पदवी, करायची असा धोशा लावलाय. मिस्टर म्हणतात, अठराव्या वर्षी नोकरीला जुंपायची काय घाई? सांगलीहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे आयटीआय का गं?" काय करावं?
— एक आई, स्लाव (इंग्लंड)

उत्तर : आधी सासूबाईंचं निस्तरू. त्यांना सांगा, पदवी अख्खी मिळते. बीएस्सी ऑनर्स, विद्यापीठाची, पदवीदानाच्या झग्यासकट. इंग्लंडात ही डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ पासून आहे आणि यूएक्सवाल्यांसाठी 'डिजिटल यूझर एक्सपीरियन्स प्रोफेशनल' नावाची सहाव्या लेव्हलची, म्हणजे पदवीच्या तोडीची, वेगळी अप्रेंटिसशिप आहे. फरक पैशाचा. साध्या वाटेने गेली तर २०२५-२६ च्या दराने वर्षाला ९,५३५ पौंड फी, बहुधा कर्जाने. इथे फी एक पेनीही नाही, उलट पगार. ज्या कंपन्यांचा पगारखर्च वर्षाला तीस लाख पौंडांच्या वर जातो, त्यांच्याकडून २०१७ पासून सरकार अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा कर, घेतं, त्यातून हा खर्च निघतो.

आता मिस्टर. त्यांच्या बोलण्यात दम आहे, मी उगाच गोड बोलणार नाही. मैत्रिणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हुंदडत असतील तेव्हा तुमची लेक सोमवारी सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, हजर असेल. रजा नोकरदाराची. बँक हॉलिडे धरून २८ दिवस, ही कायद्याची किमान. अभ्यासासाठी कामाच्या वेळातले ठरलेले किमान तास मिळायलाच हवेत, पण असाइनमेंट रविवारी रात्रीच पुरी होते, हे मँचेस्टरमध्ये आमच्या यूएक्स टीमला येणाऱ्या प्रत्येक पोराकडे बघून सांगते. हॉस्टेल, सोसायट्या, रात्रभरच्या गप्पा यातलं बरंच हुकतं. ज्या मुलीला ते हवं आहे तिने खुशाल विद्यापीठात जावं, यूएक्समध्ये मागून शिरता येतं.

पण तिला नक्की काय करायचंय हे तिला कळलंय का, ते बघा. पुष्कळ मुलांना वाटतं, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर स्क्रीन काढायच्या म्हणजे यूएक्स. आमच्याकडच्या एका अप्रेंटिसचं सांगते. अपॉइंटमेंटचा एक फॉर्म आम्ही लोकांकडून भरून घेऊन बघत होतो. ही नोंदी घ्यायला बसली होती. समोर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा. जन्मतारखेच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. आजोबांचा जन्म १९४८ चा. ते डावीकडचा बाण दाबत एकेक महिना मागे जायला लागले. टक, टक, टक. वर वर्षावर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडत होती, पण ते त्यांना कुठून कळणार? पोरगी खुर्चीच्या टोकावर आली. "आजोबा, तिथे वर दाबा ना" हे ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण टेस्ट घेताना मदत करायची नसते, गप्प बसून बघायचं असतं, आणि या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम तेच. नव्वदच्या दशकात कुठेतरी आजोबा थांबले आणि म्हणाले, "माझंच चुकत असेल, मला हे कॉम्प्युटरचं जमत नाही."

त्या संध्याकाळी तिने कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने सुचवले. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्येही जन्मतारखेसाठी हेच सांगितलंय. पुढच्या टेस्टमध्ये तो रकाना कुणाच्या लक्षातही आला नाही, म्हणजे जमलं. काय पाहिलं, काय बदललं, का बदललं, हे सगळं तिने स्क्रीनशॉटसह पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या संग्रहात, घातलं. शेवटच्या मूल्यमापनात असाच पुरावा लागतो. लेकीला ही गोष्ट वाचायला द्या. तिला आजोबांची कथा आवडली तर ही तिची वाट. कॅलेंडर कुठल्या रंगाचं होतं असं विचारलं, तर ग्राफिक डिझाइन बघा.

मग निवड कशी करायची? माझं ठाम मत, विद्यापीठाचं नाव दुय्यम, कंपनी आधी. आठवड्यातले चार दिवस ती तिथे असणार. माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच लागला. टीममध्ये दुसरा डिझायनरच नाही, मॅनेजर मार्केटिंगचा. पोरगा बॅनर आणि स्लाइडा करत राहिला आणि पोर्टफोलिओला द्यायला पुरावा म्हणून काही उरेना. इंटरव्ह्यूत मुलीने उलटे प्रश्न विचारावेत. माझ्यावर सीनिअर डिझायनर कोण? वापरणाऱ्या लोकांना मी प्रत्यक्ष भेटणार का? अभ्यासाचा दिवस कुठला, आणि डेडलाइन आली की तोच पहिला खाल्ला जातो का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला, तर का हसला तेही विचारावं. पगाराचा आकडा नीट वाचा. अप्रेंटिसचा कायदेशीर किमान दर एप्रिल २०२५ ला तासाला ७.५५ पौंड ठरला होता. भल्या कंपन्या त्याच्या बऱ्याच वर देतात, त्यामुळे तेवढ्यावरच अडणाऱ्याकडे मी तरी पोरीला पाठवणार नाही.

कंपनीने मध्येच कामावरून कमी केलं तर? विद्यापीठाने दुसरी कंपनी शोधायला मदत करायची असते, त्यासाठी बारा आठवडे मिळतात. पाऊण कोर्स झाला असेल तर उरलेला पुरा करता येतो.

आणि हातातल्या ऑफर सोडू नका! अप्रेंटिसशिपचा अर्ज थेट कंपनीकडे जातो, विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या यूकासच्या पाच पर्यायांत तो धरत नाहीत. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. दोन्ही दोर हातात असू द्या.

प्रश्न : मुलगा कॉमर्सने बारावी झाला. त्याला ही अप्रेंटिसशिप करायला इंग्लंडला पाठवायचं आहे. एजंट म्हणतो, व्हिसाचं मी बघतो.
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : दादा, त्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका. या शिक्षणाला सरकारी पैसा मिळण्यासाठी नोकरीचा हक्क लागतो आणि साधारणपणे आधीची तीन वर्षं तिथे वास्तव्य लागतं, तेही शिक्षणासाठी आलेल्याचं नव्हे. बारावी करून कोल्हापुरातून निघालेला मुलगा त्यात बसत नाही.

आपल्याकडेच बघा. यूजीसीने २०२० मध्ये पदवीतच अप्रेंटिसशिप घालायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कॉलेज तसा कोर्स सांगत असेल तर कंपनीचं नाव आणि स्टायपेंड लेखी मागा. "टायअप चालू आहे" हे उत्तर नव्हे. आणि कॉमर्स म्हणून डिझाइनचं दार बंद असं समजू नका. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. चित्र काढायची सवय मात्र आजपासून.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, पुण्याची बी.कॉम. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर पाच वर्षं इथे आहे, एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कॉल सेंटरमध्ये काम करते. मला वय आड येईल का?
— लीड्स

उत्तर : वयाला वरची मर्यादा नाही. जुनी पदवीही आड येत नाही, फक्त नवं शिक्षण खरोखर नवं आहे हे दाखवावं लागतं. व्हिसाची मुदत कोर्सला पुरते का, हे आधी विचारलं जाईल, ती तारीख हाताशी ठेवा. नोकरी बदलायचीही गरज नाही, असलेल्या नोकरीतच कौन्सिल तुम्हाला अप्रेंटिस करू शकतं. लेव्हीचा पैसा मुदतीत वापरला नाही तर त्यांच्या हातून जातो, त्यामुळे एचआर सहसा ऐकून घेतं. मेल लिहिताना मात्र 'मला डिझाइनची आवड आहे' असं लिहू नका. लोक कुठल्या फॉर्मवर अडकून तुम्हाला फोन करतात, त्यातले पहिले तीन लिहून पाठवा.