नव्या बोटीमागची पहिली फेरी

भाऊ, वेकबोर्डिंग म्हणजे पायांना फळी बांधून, बोटीला लावलेल्या दोराचं हँडल धरून पाण्यावर घसरत जायचं. त्याच्या पहिल्या फेरीवरून बोटीची पारख करू नको. या खेळासाठीच्या नव्या वेक-बोटींच्या पोटात टाक्या असतात. त्यात पाणी भरलं की बोट जड होऊन खोल बसते आणि मागची लाट उंच उठते. ती मजा मुरलेल्यांची. तू चालकाला टाक्या रिकाम्याच ठेवायला सांग. वेग ताशी 25 ते 29 किलोमीटर आणि 15 मीटरच्या आतला दोर तुला पुरे.

खरी अडचण पाण्यातून उठून उभं राहताना येते. विहिरीतून बादली शेंदावी तसं हँडल अंगाकडे ओढायला हात शिवशिवतात, आणि तिथेच माणूस पडतो. हात सरळ ठेव, गुडघे छातीशी घे आणि बोटीला ओढू दे. घाई अजिबात नको! नव्या इंजिनाची खेच दांडगी असते, म्हणून वेग हळूहळू वाढवायला आधीच सांगून ठेव. उठल्यावर नजर बोटीवर ठेव, पायाकडे पाहिलंस की पडलास.

अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. चालकाशिवाय तुझ्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस बोटीत हवाच. तापीत पोहून वाढला असलास तरी लाइफ जॅकेट घालायचंच.

आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वारा सुटतो, गिरणेसारख्या मोठ्या धरणाचं पाणी डहुळतं. सकाळी लवकर उतर, पण परवानगी असलेल्या ठिकाणीच. पडल्यावर बोट जवळ आली तरी इंजिन पूर्ण बंद होईपर्यंत शिडीला हात लावू नको.