क्रिएटिनीन नॉर्मल होतं, मग किडनी कशी बिघडली?

प्रश्न : गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनीन १.० होतं, 'किडनी उत्तम' असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते २.४ झालं, पुढे दोनदा डायलिसिस करावं लागलं. हे आधी कळलं नसतं का? आता आईची हृदयाची झडप बदलायची आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो १.० चा रिपोर्ट खोटा नव्हता, पण क्रिएटिनीन उशिरा बोलतं. ते स्नायूंतून रोज थोडंथोडं तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीला आज इजा झाली, तरी रक्तात साठून आकडा वाढायला एक-दोन दिवस जातात. त्यात ऑपरेशनच्या वेळी भरपूर सलाइन दिलेलं असतं. रक्त पातळ होतं नि आकडा आणखी खाली दिसतो.

लवकर सांगणाऱ्या तपासण्या आहेत. दुखावलेली किडनी 'एनगाल' नावाचं प्रथिन सोडते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांवरचा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा अभ्यास २००५ मध्ये आला. ज्यांच्या किडनीला इजा झाली, त्यांच्या लघवीत एनगाल दोन तासांत वाढलं होतं. क्रिएटिनीनला एक ते तीन दिवस लागले. मात्र जंतुसंसर्गातही एनगाल वाढतं. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये दुसऱ्या एका लघवीच्या तपासणीवरून धोक्यातले रुग्ण निवडले आणि रक्तदाब, साखर, औषधं काटेकोर सांभाळली. किडनीला इजा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवरून ५५ वर आलं. डायलिसिसची गरज मात्र घटली नाही. म्हणून मी म्हणते, रिपोर्ट आल्यावर कुणी काही करणार असेल, तरच तो मागवावा.

आयसीयूत शिरले की मी मॉनिटरआधी पलंगाखालची लघवीची पिशवी बघते. सिस्टरांच्या तक्त्यात ताशी ४०, ३५, २०, १५ मिलिलिटर असे आकडे उतरताना दिसले, की मला रिपोर्टची वाट बघवत नाही. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास होत असेल, तर क्रिएटिनीन कितीही असो, ती किडनीची इजाच धरतात.

आईंचे जुने क्रिएटिनीनचे रिपोर्ट सोबत न्या, तुलनेला तेच लागतात. अँजिओग्राफी झाली असेल तर ती आणि ऑपरेशन यांत किती दिवस ठेवणार, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे सर्जनना विचारा; स्वतःहून काही बंद करू नका. आणि गुडघेदुखीसाठी आई दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात का, ते घरी विचारून घ्या; त्यांनीही किडनी दुखावू शकते. डॉक्टरांसमोर बायका हे सांगत नाहीत.