"घरात एवढी पुस्तकं आहेत, पण हा हात लावत नाही"

"मॅडम, घरात पुस्तकांचा ढीग आहे, पण याला सारखं ते बसचं एकच पुस्तक हवं असतं. आता तरी ज्ञानाची पुस्तकं वाचायला नकोत का?" दुसरीतल्या एका मुलाची आई विचारत होती. ही तक्रार बऱ्याच घरांतून येते, म्हणून या घराची हकिकत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

पुढच्या भेटीला मी घरातली पुस्तकं आणायला सांगितली. पिशवीतून विज्ञानाचा जाडजूड कोश निघाला, थोरांची चरित्रं निघाली, बोधकथा निघाल्या. तळाशी कडा झिजलेलं बसचं पुस्तक होतं. मी कोश मुलापुढे ठेवला. तो 'शास्त्रज्ञ'पाशी अडला, 'गुरुत्वाकर्षण'पाशी पुन्हा अडला आणि दर वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघू लागला. मग बसचं पुस्तक दिलं. ते त्याने घडाघडा वाचलं, वर चित्रातलं एक मांजर मला दाखवलं. गोष्टीत मांजराचा उल्लेखही नाही. ते पानोपानी कुठेतरी दडलेलं आहे, हे त्याचं त्यानेच शोधलं होतं.

"ताई, हा वाचतो की! तुम्ही आणलेली पुस्तकं त्याला अजून जड जातात, एवढंच."

मराठी वाचायला लागलेल्या मुलांची दमछाक होते ती जोडाक्षरांपाशी. एका ओळीत तीनदा अडखळलं की शेवटाला येईतो सुरुवात विसरते, अर्थ लागत नाही, आणि मूल पुस्तक मिटतं. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. पुस्तक घेताना दुकानातच एखादं पान मोठ्याने वाचायला द्या. पाचेक शब्दांना अडला तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. गुरुत्वाकर्षण त्याला ऐकून नक्की कळेल. आणि स्वतः वाचायला सोपं, चित्रांचं, त्याच्या आवडीचं. तेच तेच वाचतो म्हणून अडवू नका, त्यातूनच वाचनाला वेग येतो.

वडिलांची शंका वेगळी होती: बोध नसेल तर गोष्टीचा उपयोग काय? मला हे मनापासून खटकतं. गोष्ट संपते न संपते तोच "यातून काय शिकलास?" विचारलं की मुलाला ती परीक्षाच वाटते. त्याऐवजी "तुला कोण आवडलं?" विचारा, नाहीतर काहीच विचारू नका.

खर्चाची काळजी नको. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतल्याही गोष्टी मोफत मिळतात आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर मोजकी वाक्यं आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात. इयत्ता न बघता तिथूनच सुरुवात करा. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकंही स्वस्त असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक थोड्या मोठ्या मुलांसाठी, त्याची घाई नको.

दोनेक महिन्यांनी आईचा फोन आला. बसचं इंजिन कसं चालतं ते कोशात बघू या, असं मुलगाच म्हणाला होता. वडील वाचतात, तो चित्रावर बोट ठेवून प्रश्न विचारतो.

सगळ्याच मुलांचं इतक्यावर भागत नाही. सोपी पुस्तकं देऊन, रोज वाचून दाखवूनही काही महिन्यांत फरक दिसला नाही, अक्षरांची उलटापालट होतच राहिली, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गशिक्षकांशी बोला आणि मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकायला जड जातंय का याची, तपासणी करून घ्या.