कुहली लोचच्या पोटात खाणं पोचवायचं कसं?

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की तुमचा माशांचा टँक तीन फुटी, त्यात दोन एंजल, आठ टायगर बार्ब आणि चार कुहली लोच, म्हणजे तळाशी राहणारे सापासारखे लांबट मासे. चारांपैकी दोनच अधूनमधून दिसतात आणि त्यांचीही पोटं आत गेलेली. दुकानात सांगितलं होतं की हे मासे तळाची घाण खाऊन जगतात, वेगळं काही घालावं लागत नाही. ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. कुहली काही घाणीवर जगत नाहीत. कुहली मूळचे आग्नेय आशियातल्या संथ ओढ्यांतले. तिथे पाचोळ्याखालचे किडे-अळ्या शोधून खातात. तुमच्या टँकमध्ये अळ्या नाहीत, आणि वरून टाकलेला दाणा तळाला लागायच्या आत आठ बार्ब त्याचा फडशा पाडतात.

हे मी स्वतः भोगलंय. रामबागेतल्या जुन्या घरी माझ्याकडे कोरी होते, तेही तळाशी चरणारे छोटे मासे. ते वाळत चाललेत असं दिसल्यावर मी फ्लेक्स, म्हणजे तरंगणारं पापुद्र्यांचं खाणं, दुप्पट टाकायला लागलो. बार्ब गुबगुबीत झाले, उरलेलं कुजलं, पाणी दुधाळ झालं आणि आठवड्याभरात तीन कोरी गेले. अजून वाईट वाटतं. खाणं भरपूर पडत होतं, पण ज्यांना हवं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही.

म्हणून खाणं वाढवू नका, वेळ आणि जागा बदला. आपल्या इंदूरच्या सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याचे ठेले लागतात ना, तसा कुहलींचा दिवस दिवा मालवल्यावर सुरू होतो. संध्याकाळी वरच्या माशांना त्यांचं नेहमीचं खाणं द्या. मग टँकचा आणि खोलीचाही दिवा बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. एंजल आणि बार्ब बघून खातात, अंधारात ते सुस्तावतात. कुहलीला दिसायची गरज नसते, तोंडाजवळच्या मिशांनी आणि वासाने तो अन्न हुडकतो.

आता ते खाली नेण्याचं. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाईप, टँकच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त लांब, कापून आणा. लोच जिथे लपतात तिथे एक टोक तळाला टेकवा, वरून बुडणारे दाणे सोडा, मग पाईप बोटभर उचला. दाणे आत अडकले तर टँकमधलंच पेलाभर पाणी वरून ओता. असं दोन-तीन जागी करा, कारण एकाच जागी टाकलं तर जो धीट असेल तोच खातो. कुहलीचं तोंड अगदी छोटं असतं, म्हणून वेफर (बुडणारी चपटी गोळी) देणार असाल तर मोडून द्या. चौघांना सुरुवातीला अर्धा पुरे. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) वितळवून, चहाच्या गाळणीत धुऊन द्या, वाळलेल्या माशांना ते फार लवकर लागू पडतात. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मात्र मी घरात आणत नाही. ते घाणेरड्या चिखलात वाढतात आणि रोग घेऊन येतात. सकाळी उरलेलं दिसलं तर सायफनने ओढून घ्या आणि त्या रात्री कमी टाका.

न दिसणारे दोघे मेलेत असं लगेच धरू नका. अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे खड्यांखाली जाळीची प्लेट असलेला फिल्टर, असेल तर कुहली त्याच्या प्लेटखाली शिरतात आणि तिथेच राहतात. प्लेट उचलून बघा. आणि खडे टोकदार असतील तर तेही बदला, त्यांनी मिशा झिजतात आणि अन्न शोधणंच अवघड होतं. बांधकामाची बारीक वाळू चालते, पण चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. आधी वाटीभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती नको, त्यात चुना आहे. वर नारळाच्या करवंट्या किंवा फुटक्या कुंडीचे तुकडे, कडा घासून, पालथे ठेवा. लपायला जागा मिळाली की हे मासे उलट जास्त बाहेर येतात.

हीटर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत बिनहीटरचा टँक चांगलाच गार पडतो आणि गार पाण्यात कुहलीची भूकच मरते. २४ ते २८ अंश ठेवा. पाणी बदलताना नर्मदेच्या नळाचं पाणी थेट ओतू नका, आधी क्लोरीन घालवणारं औषध टाका.

एवढं करून तीन आठवड्यांत पोट भरलं नाही, म्हणजे मासा खातोय तरी वाळतोय, तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. बाजारात येणारे बहुतेक कुहली रानातून पकडलेले असतात. त्यावर लेव्हामिसोल वापरतात, पण अंदाजाने टाकू नका. लोचचे खवले अगदी बारीक असतात, कुठलंही औषध त्यांना जास्त बाधतं. तेव्हा माशाचा फोटो आणि टँकमध्ये नेमकं किती लिटर पाणी आहे ते इथे टाका, मात्रा मिळून ठरवू. चौघं भरले की आणखी दोन-तीन कुहली आणा. घोळक्यात ते दिवसाही फिरताना दिसतात.